कुटुंबठसा

डॉक्टर नाझनीन बागवान यांनी संगणकाचा पडदा शलाकाकडे वळवला, तेव्हा त्यावर शिवतेजचं नाव असणार याची तिला खात्री होती. बाहेरचं खायचा तो. बेदाण्याच्या शीतगृहावर देखरेखीचं काम, सगळा दिवस तासगाव रस्त्यावर, भूक लागली की समोर दिसेल त्या गाड्यावर मिसळ नाहीतर भडंग. घरात काही वाईट शिरलंच तर ते नवऱ्याच्या पोटातून शिरणार, हे शलाकाने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याला काय आणि कसं बोलायचं हेसुद्धा तिने रिक्षात जुळवून ठेवलं होतं.

पडद्यावर तिचं स्वतःचं नाव होतं.

"काहीतरी चुकलंय, मॅडम," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून नमुना परत तपासायला लावला." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शलाका, मिहिकाच्या पोटात पुन्हा पुन्हा उगवते ती जंतूंची जात तुझ्याकडून येते. शिवतेजच्या पोटात ती नावालाही नाही, काहींच्या पोटात ती रुजतच नाही."

शलाका मोहिते याच रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. सांगलीतल्या कितीतरी घरांच्या स्वयंपाकघरात तिचा शब्द चालायचा. कोणी किती मीठ खावं, डाळ कशी भिजवावी, मुलाच्या डब्यात काय द्यावं हे तिला विचारून ठरायचं. तिच्या स्वतःच्या घरात तर तेलाची धारसुद्धा चमच्याने मोजून पडायची.

"पण मी सगळं... माझे हात मी दिवसातून किती वेळा धुते, तुम्हाला माहीत आहे."

"याचा स्वच्छतेशी काही संबंध नाही गं. तुझ्या आईकडून तुला आली असेल, तिला तिच्या आईकडून. तुला तिचा कधी त्रास झाला नाही, होणारही नाही. तुझी मूत्रपिंडं धडधाकट आहेत. मिहिकाची नाहीत."

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचेच असतात, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. त्यांच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट मात्र उशिरा कळली. एका छताखाली राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या माणसांचे जंतू हळूहळू एकसारखे होत जातात. रक्ताचं नातं असो वा नसो. लग्न करून आलेली सून, दत्तक घेतलेलं मूल, वर्षानुवर्षं घरात राहणारा भाडेकरू, सगळ्यांची आतडी काही काळाने एकाच घराची होऊन जातात. मग कोणीतरी शौचालयाच्या भांड्यात बसवायची वाटीएवढी तबकडी तयार केली. दर आठवड्याला ती त्या घरातल्या जंतूंची जनुकं वाचायची आणि घराला पुढे काय काय होण्याचा संभव आहे ते सांगायची. मधुमेह, यकृताची चरबी, आतड्याचा कर्करोग. या वाचनाला नाव पडलं कुटुंबठसा.

विमा कंपन्यांनी तो उचलून धरला. एकेका माणसाचा विमा उतरवण्यापेक्षा अख्ख्या घराचा उतरवणं स्वस्त पडू लागलं. ठसा चांगला तर हप्ता कमी, नाचणी, ताक, मोडाची कडधान्यं खाऊन ठसा सुधारला तर आणखी कमी. ज्यांना कधी विमा परवडला नव्हता अशा वस्त्यांमध्ये पहिल्यांदा लोक निर्धास्त होऊन दवाखान्याची पायरी चढले. शलाकाने स्वतः दारोदार फिरून ती तबकडी लोकांच्या घरी बसवायला लावली होती. खोटं कशाला बोला, लोकांचं भलंही झालं होतं. कुपवाडच्या कामगार चाळींमधली साखरेची दुखणी तिच्या डोळ्यांदेखत उतरली होती.

तिची मुलगी मिहिका आठ वर्षांची होती. दोनेक वर्षांपासून तिच्या मूत्रपिंडाच्या चाळण्या गळत होत्या. सकाळी उठली की डोळे सुजलेले, पावलांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. जुनी औषधं लागू पडेनाशी झाली, तेव्हा डॉक्टर बागवानांनी नव्या उपचाराचं नाव काढलं. रुग्णाच्याच रक्तातून पेशी वाढवायच्या, दर महिन्याला त्या शरीरात सोडायच्या आणि त्यांनी गळक्या चाळण्या दुरुस्त करायच्या. उपचार वर्षभर चालायचा. त्याचा खर्च असा होता की शीतगृहाच्या मालकालाही तो झेपला नसता. विमा होता म्हणून तो शक्य होता, आणि विम्याची अट एकच होती. वर्षभर घराच्या ठशात ती एक जात दिसता कामा नये.

ती जात प्रथिनं कुजवून एक विषारी द्रव्य तयार करायची. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. मिहिकाच्या अंगात ते साचत होतं.

"किती बिघडतं त्याने? खरं सांगा," शलाकाने विचारलं.

"थोडं की पुष्कळ, हे मला माहीत नाही. कोणालाच नक्की माहीत नाही." डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "कंपनीच्या गणिताला मात्र माहीत आहे."

शलाकाने औषधं घेतली. आतडी धुऊन काढणारी कडक औषधं, मागाहून चांगल्या जंतूंच्या गोळ्या. दोनदा केलं. दोन्ही वेळा ती जात नाहीशी झाली आणि पुन्हा वर आली. अपेंडिक्सच्या आडोशाला दडून राहते, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. शलाकाने ते अपेंडिक्सही काढून घेतलं. टाके सुकले, ती कामावर रुजू झाली, आणि महिन्याच्या आतच तबकडीवर ती जात असल्याचा लाल ठिपका पुन्हा लागला. मिहिकाचं पोट औषधाने लगेच स्वच्छ व्हायचं. घरी परत आली, आईच्या हातचं चार दिवस जेवली, की पुन्हा होतं तसं.

कंपनीचा सल्लागार कौस्तुभ दाभाडे घरी आला. तिशीतला, नम्र, बोलताना सारखा पाण्याचा पेला फिरवणारा. त्याने मिहिकाला बाहेर खेळायला पाठवायला सांगितलं, तेव्हाच शलाकाला कळून चुकलं.

"आमच्या भाषेत मॅडमना स्रोत-व्यक्ती म्हणतात," तो म्हणाला. "स्रोत-व्यक्ती वेगळ्या घरी राहिली तर उपचार सुरू करता येतो. वर्षभराचाच प्रश्न आहे."

"आणि पोरीने आईशिवाय राहायचं?" शिवतेज ताडकन उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कुत्र्याच्या पिल्लालासुद्धा असं तोडत नाहीत."

"भेटता येईल ना, सर. उघड्यावर, थोडं अंतर ठेवून. फक्त त्यांच्या हातचं खाणं नाही, एक ताट नाही, एक बाथरूम नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

दाभाडेने पेला खाली ठेवला. उत्तर त्याला द्यावं लागलं नाही. शलाका म्हणाली, "मी जाते."

"शलाका!"

"शिवा, तिचे पाय बघ जरा. काल तिचा बूट चढेना. मी जाते. वर्ष काय, असं सरेल."

तिने मिरजेत एक खोली घेतली. घर सांभाळायला शिवतेजची मोठी बहीण स्वरूपाताई इस्लामपूरहून आली. मुलं मोठी होऊन पांगलेली, नवरा आधीच गेलेला. ती मनाने मोकळी बाई होती. भावाच्या संसारात आपली गरज पडली याचं तिला दुःखही होतं आणि थोडं बरंही वाटत होतं. घर सोडायच्या दिवशी शलाकाने तिला सगळं दाखवलं. मीठ किती, पाणी किती, डाळ कोणती, कोणत्या भाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं.

"ताई, भात जरा मऊच करा. आणि तूप वरून नको, आतच कालवा. नाहीतर ती कडेला काढून ठेवते."

"होय गं. दोन पोरं वाढवलीत मी. तू रडू नकोस, ती बघतेय."

मिहिका दारात उभी होती. तिला सगळं समजावून सांगितलेलं होतं, चित्रं काढूनसुद्धा. तिने विचारलं, "आई, तुझे जंतू वाईट आहेत म्हणजे तू वाईट आहेस का?"

"नाही गं बाळा."

"मग तू मला पापी का देत नाहीस?"

शलाकाने पायऱ्या उतरायला सुरुवात केली, कारण तिथे आणखी थांबली असती तर तिने ती दिली असती.

पहिल्या उपचाराआधी मिहिकाचं पोट पुन्हा स्वच्छ केलं गेलं. पेशी अंगात गेल्या, काही त्रास झाला नाही. तबकडीवरचा ठिपका हिरवा आला. शिवतेजने फोनवर ते सांगितलं तेव्हा शलाका रस्त्यातच एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

मग मिहिकाने खाणं सोडलं.

सुरुवातीला कोणाच्या ते लक्षातच आलं नाही. ती ताटावर बसायची, भात चिवडायची, पोट दुखतं म्हणून उठायची. स्वरूपाताईने लाडीगोडी लावली, मग दटावलं, मग स्वतःच रडली. शलाका रोज फोनच्या पडद्यावरून स्वयंपाक सांगायची. जिरं कधी टाकायचं, कढीपत्ता किती तळायचा. ताई तसंच सगळं करायची. मिहिका एक घास तोंडात घ्यायची आणि म्हणायची, "हा तो नाही."

"तोच आहे गं राणी. आईनेच सांगितलाय."

"सांगितलाय. केला नाही."

या उपचाराला शरीरात ताकद लागते. पेशींना चाळण्या बांधायच्या तर सामान हवं, आणि सामान पोटातूनच जाणार. दुसऱ्या वेळेला डॉक्टर बागवानांनी वजन बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हिच्या अंगावर काही राहिलेलं नाही. असंच चाललं तर पुढच्या वेळी मी पेशी सोडणार नाही. सोडल्या तरी टिकायच्या नाहीत."

"नळीने अन्न द्या," शलाका म्हणाली. ती खोलीच्या दाराबाहेर उभी होती. आत यायला तिला परवानगी नव्हती.

"दिलं. तिने नळी उपसून काढली. परत घालायची तर हात बांधावे लागतील." डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू आहारतज्ज्ञ आहेस. अशा मुलांच्या आयांना तू काय सांगतेस?"

शलाका अशा आयांना सांगायची की मुलाला जवळ घेऊन बसा, आपल्या ताटातलं भरवा, घाई करू नका.

दर रविवारी शिवतेज मुलीला आमराईत घेऊन यायचा. बागेतल्या एका बाकाच्या एका टोकाला शलाका, दुसऱ्या टोकाला मिहिका, मध्ये शिवतेज. त्या रविवारी मिहिका चालत आलीच नाही. बापाच्या खांद्यावर डोकं टाकून आली. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. शिवतेजने तिला बाकावर ठेवलं आणि पाणी आणायला गेला. तो मुद्दाम गेला की खरंच गेला, हे शलाकाने त्याला पुढे कधी विचारलं नाही.

शलाकाच्या पिशवीत तिचा स्वतःचा डबा होता. मुगाची खिचडी, तिच्यापुरती.

"आई, त्यात काय आहे?"

"काही नाही. माझं जेवण."

"वास येतोय." मिहिकाने डोळे मिटले. "मला भूक लागलीय."

कितीतरी दिवसांत ते शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. शलाकाने आजूबाजूला पाहिलं. तिच्या डोक्यात सगळं एकदम उभं राहिलं. मुलीचं नुकतंच धुऊन काढलेलं मोकळं आतडं, नांगरलेल्या शेतासारखं, त्यात जे पहिलं पडेल ते उगवणार. हिरवा ठिपका. दाभाडेचा तो फिरणारा पेला. आणि समोर बाकावर आपलं मूल भुकेने झिजतंय आणि आपण डबा मांडीवर घेऊन बसलोय. आपण शिकलेल्या आहोत, सगळं कळणाऱ्या आहोत, आणि या क्षणी त्या कळण्याचा काडीचा उपयोग नाही, असं तिला वाटलं.

चमचा नव्हता. तिने हाताने खिचडी कालवली आणि पहिला घास पुढे केला.

मिहिकाने तो खाल्ला. मग दुसरा. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावतच होती. डबा संपला तेव्हा तिने आईची बोटं चाटली. शिवतेज पाण्याची बाटली घेऊन परत आला होता, थोड्या अंतरावर उभा होता. त्याने रिकामा डबा पाहिला, मुलीच्या ओठाला लागलेलं शीत पाहिलं आणि ते आपल्या रुमालाने पुसलं.

"चल," एवढंच तो म्हणाला.

एकदा झालं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी शिवतेज संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात आला, हात पुढे करून. "थोडं बांधून दे. ताईला मी सांगितलंय, हॉटेलचं आहे म्हणून." तिने दिलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या येण्याआधीच तिने डबा भरून ठेवला होता. मिहिकाच्या गालावर रंग आला. ती परत पायऱ्या चढायला लागली. शलाका रोज डबा भरताना मनात म्हणायची, आजचा शेवटचा. पुढच्या वजनापर्यंत एवढाच.

वजन भरलं. तिसऱ्यांदा पेशी सोडल्या गेल्या. आणि त्याच आठवड्यात तबकडी लाल झाली.

दाभाडेने तिघांना कार्यालयात बोलावलं. स्वरूपाताई पदराचं टोक हातात गुंडाळून बसली होती.

"माझंच चुकलं असेल, साहेब," ती अचानक बोलली. "मी शलाकाच्या खोलीवर गेले होते एकदा. तिथल्या भांड्यात पाणी प्यायले. माझ्याकडूनच पोरीला लागलं असणार."

ती कधीच गेली नव्हती. शलाकाने तिच्याकडे पाहिलं. ही बाई आपल्यासाठी खोटं बोलतेय आणि तिला नीट बोलताही येत नाहीये.

"ताई, राहू द्या," शलाका म्हणाली. "मी भरवलं. माझ्या हाताने. ती मरत होती, म्हणून भरवलं. परत तशी वेळ आली तर परत भरवेन."

दाभाडेने समोरचं बोलणं टिपणारं यंत्र बंद केलं, त्याचा दिवा विझेपर्यंत थांबला, आणि मगच बोलला.

"हे तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आत्ताच्या आत्ता अख्ख्या घराचा विमा रद्द झाला असता, कायमचा. तसंही उपचार आजपासून थांबलाय. उपचार चालू असताना घराचा ठसा बिघडला की थांबतोच."

"साहेब, काहीतरी मार्ग असेल." शिवतेजने हात जोडले. शलाकाने त्याला कधी कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. "निम्मं झालं असतं हो लवकरच. पोरगी चालायला लागलीय."

"नवं घर असेल तर नवा ठसा," दाभाडे सावकाश म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता. "वडील आणि मुलगी यांचं वेगळं कुटुंब. मुलीचं पोट पुन्हा साफ करायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. पण त्यासाठी आईचं नाव कुटुंबातून कमी व्हायला हवं. वर्षभरापुरतं नाही. कायद्याने. घटस्फोट, आणि मुलीचा ताबा सोडल्याचं कोर्टात लिहून द्यायचं. मुलगी सज्ञान होईपर्यंत एका छताखाली एक रात्रसुद्धा नाही." तो उठला. "मला एक फोन करायचाय. मी बाहेर आहे."

शिवतेज म्हणाला, "हे होणार नाही."

"होईल," शलाका म्हणाली.

"तुला काय वाटतं, मी सही करीन? मी घर विकतो. कर्ज काढतो. पुण्याला जातो, मुंबईला जातो, कोणाच्याही पाया पडतो..."

"आपण सगळीकडे विचारून झालंय, शिवा. घर विकून दोन महिने निघतील. मग?" तिने त्याचा हात हातात घेतला. त्याला हात लावायला मनाई नव्हती. तरी कित्येक महिन्यांत तिने तो घेतला नव्हता. "माझ्यावर राग काढ हवं तर. मी नसतं भरवलं तर ही वेळ आली नसती."

"नसतं भरवलंस तर ती आज नसती."

"मग झालं तर. ते आपल्या दोघांना माहीत आहे ना? पुरे."

स्वरूपाताई तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. शलाका तिच्यापाशी जाऊन खाली बसली.

"ताई, आता रडून भागायचं नाही. तिला तुमच्या हातचं आवडायला लागलं पाहिजे. माझ्यासारखं करूच नका. मी फोनवरून सांगायचं बंद करते. तुम्ही तुमचं करा, इस्लामपूरचं. तुमच्या पोरांना घालायचात ते. ती रडेल, आपटेल. माझी आठवण काढली तर विषय बदला."

"असं कसं बोलतेस गं..."

"मी तिला भेटायला येणार नाही, ती जेवायला लागेपर्यंत. मी दिसले की ती माझ्याच घासाची वाट बघते. मी नसले तर कंटाळून दुसऱ्याचा घेईल." हे तिच्यातली आहारतज्ज्ञ बोलत होती. आईला तिने कार्यालयाच्या बाहेर उभं केलं होतं.

कोर्टात फार वेळ लागला नाही. अशा जोडप्यांसाठी आता वेगळा दिवसच ठेवलेला असतो. बाहेर बाकांवर आणखी कितीतरी माणसं बसली होती, एकमेकांना खेटून, घटस्फोट घ्यायला आलेली. एक म्हातारा बायकोला संत्रं सोलून देत होता. न्यायाधीशांनी शलाकाला विचारलं, हे तुम्ही राजीखुशीने करताय का. ती म्हणाली, हो. बाहेर आल्यावर शिवतेजला ओकारी झाली. ती त्याची पाठ चोळत राहिली.

मग दिवस कसे गेले ते तिला नीट आठवत नाही. ती कामावर जायची, पण दुसऱ्या इमारतीत. लोकांच्या मुलांसाठी आहार लिहून द्यायची. घरी आल्यावर स्वतःसाठी काही शिजवायची नाही. रोज एकदा शिवतेजचा निरोप यायचा, एका शब्दाचा. 'नाही.' 'नाही.' 'अर्धी पोळी.' 'नाही.' एके दिवशी स्वरूपाताईचा स्वतःचा आवाज आला. "शलाका, तिने आज भाकरी मागितली. स्वतःहून. खरडा लावून. खरडा तिला चालत नाही, मी थोडंसंच दिलं. रागावू नकोस."

शलाका म्हणाली, "नाही रागावत, ताई." फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मोठमोठ्याने रडली. आनंदाने रडली असं नंतर तिने स्वतःला सांगितलं. तेवढंच खरं नव्हतं.

ठसा हिरवा राहिला. दर महिन्याला पेशी जात राहिल्या. चाळण्या भरून येत असल्याचं डॉक्टर बागवानांनी पडद्यावर दाखवलं, नियमात बसत नसतानाही. सूज उतरली, बुटांचं माप वाढलं ते उंचीमुळे.

शेवटच्या उपचाराच्या दिवशी शलाकाला भेटीची परवानगी मिळाली. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात, गुलमोहराच्या पारावर. शिवतेज आणि स्वरूपाताई दाराशी थांबले. मिहिका एकटीच पुढे आली. तिचे केस वाढले होते. चालणं आत्यासारखं झालं होतं, थोडं डाव्या अंगाला झुकून. ती पाराच्या दुसऱ्या टोकाला बसली, आईने सांगायच्या आधीच.

शलाकाने शाळेचं विचारलं. मिहिकाने उत्तरं दिली, पाहुण्यांना देतात तशी. मग तिने मांडीवरची पिशवी उघडली. आत ज्वारीची भाकरी होती, वांग्याची भाजी होती.

"आत्याने केलंय. मी भाकरी थापायला मदत केली. तू बारीक झालीस."

"नाही गं. तू जेव."

मिहिकाने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि डब्याच्या झाकणावर ठेवला. मग झाकण पाराच्या मधोमध सरकवून ती उठली आणि चार पावलं मागे गेली. मापून गेल्यासारखी.

"आई, मी विचार केलाय. तुझ्याकडून माझ्याकडे यायला नको, बरोबर? पण माझ्याकडून तुझ्याकडे गेलं तर चालतं. माझे जंतू चांगले आहेत. डॉक्टर म्हणाल्या." तिने हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. "मी रोज तुला एक घास पाठवीन. माझे तुझ्यात गेले, की तुझे निघून जातील. मग तू घरी येशील."

असं होत नसतं. जुनी जात एवढ्याने हटत नाही, हे शलाकाला पक्कं ठाऊक होतं, आणि हटली तरी कोर्टाच्या कागदाला त्याचं काही नव्हतं. तिने तोंड उघडलं. मग समोर हात बांधून उभी असलेली, श्वास रोखून धरलेली आपली मुलगी पाहिली.

तिने घास उचलला.

"खा ना," मिहिका लांबून म्हणाली. "नीट चावून खा."